कास्ट स्टील, शेफिल्ड

सुतारकाकांच्या करवतीवर मुठीजवळ तीन शब्द वाचता येतात. वर ‘कास्ट स्टील’, खाली ‘शेफिल्ड’. त्यांच्याही वर आणखी एक ओळ होती. ते बनवणाऱ्याचं नाव असणार, पण तीन पिढ्यांच्या अंगठ्यांनी ते पुसून टाकलं आहे. काकांच्या आजोबांनी ही करवत मुंबईहून आणली. संगमेश्वरजवळच्या आमच्या घराचे वासे, माजघराचा दरवाजा, देव्हारा, आजीची दोन फडताळं हे सगळं तिच्याच दातांखालून गेलेलं.

पातं आता निम्मंही उरलेलं नाही. टोकाकडे तर ते दोन बोटांएवढं अरुंद झालंय. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, की एवढं लाकूड कापून ती झिजली का? काका म्हणाले होते, “बाय, करवत लाकडानं नाय झिजत, कानशीनं झिजते.” धार लावताना दर वेळी कानस केसभर पोलाद खाते. म्हणजे पात्याची जी रुंदी गेली, ती सगळी तिची काळजी घेण्यात गेली.

दोन पावसाळ्यांपूर्वी ती माळ्यावरून पडली आणि पात्याला बाक आला. त्याच सुमाराला काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दाते दिसेनात, तेव्हा धार लावायची कशी? त्यांच्या मुलानं तालुक्याच्या बाजारातून पिवळ्या मुठीची नवी करवत आणली. माझी भाची शेफिल्डच्या विद्यापीठात शिकते आणि मी तिच्याकडे महिनाभर जाणार, हे काकांना कळलं, तसे ते जुनी करवत गोणपाटात गुंडाळून घरी घेऊन आले. “जातेस तितं तर विचार त्यांना, ही सरळ व्हते का.” मी मोठ्या बॅगेत साड्यांच्या मध्ये ती ठेवली.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून शेफिल्डची गाडी साधारण दोन तासांची. वाटेत चेस्टरफील्ड लागतं आणि डाव्या-उजव्या खिडक्यांतले लोक एकदम मान वळवतात. तिथल्या चर्चचा उंच निमुळता मनोरा वेलीसारखा पिळलेला आहे, आणि एका बाजूला नऊ फुटांहून जास्त कललेलाही आहे. तो आतून लाकडी आहे. ओलं, न मुरलेलं लाकूड, आडव्या आधारांची कमतरता आणि वरून शिशाच्या पत्र्यांचं ओझं, अशी कारणं सांगतात. लाकूड मुरवल्याशिवाय कापू नये हे काका आम्हाला ओरडून सांगायचे. इथे त्या चुकीचा सहाशे वर्षांचा पुरावा आभाळात उभा आहे. सोबत करवत असलेल्या माणसाला शेफिल्डच्या आधी हे दिसावं, हे मला बरं वाटलं.

शहर टेकड्यांवर आहे, त्यामुळे पायांना लगेच कळतं. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हेलिन अशा पाच नद्या टेकड्यांमधून वेगानं उतरतात. शीफवरूनच गावाचं नाव पडलं. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांपुढे त्या ओढेच म्हणायच्या, पण उतार तीव्र आहे आणि पाणी बारमाही. या पाण्यावर शेकडो वर्षं चाकं फिरली. पायथ्याशी कोळसा. आसपासच्या डोंगरांत वाळूचा खडक, त्यातून धार लावायची दगडी चाकं निघत. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे चांगलं लोखंड. इथलं लोखंड पोलादासाठी पुरेसं शुद्ध नसे, म्हणून स्वीडनहून समुद्रमार्गे हल बंदरात आणि तिथून नदीवाटे इथपर्यंत लोखंडाच्या कांबी येत. पोलादासाठी जगात ओळखलं जाणारं गाव, आणि कच्चा माल परदेशी!

त्या स्वीडिश कांबींचं काय व्हायचं हे डॉन्कास्टर स्ट्रीटवर कळतं. ऑफिसांच्या इमारतींमध्ये विटांचा एक अवाढव्य शंकू उभा आहे, उलट्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा. ही 1848 साली बांधलेली सिमेंटेशन भट्टी. आत दगडी पेट्यांमध्ये लोखंडाच्या कांबी आणि लाकडी कोळशाची भुकटी थरावर थर रचायचे, हवा लागणार नाही असं लिंपायचं आणि खालून कित्येक दिवस जाळ ठेवायचा. कोळशातला कार्बन हळूहळू लोखंडात मुरतो. कांबी बाहेर येतात तेव्हा त्यांच्या अंगावर फोड उठलेले असतात, म्हणून त्याला फोडांचं पोलाद म्हणत. या भट्टीतला शेवटचा जाळ 1951 साली विझला. एके काळी शहरात अशा भट्ट्या ठिकठिकाणी होत्या. पूर्ण उभी राहिलेली ही एवढीच.

फोडांच्या पोलादाची अडचण अशी, की कार्बन वरच्या थरात जास्त आणि गाभ्यात कमी मुरतो. चाकूला ते चालून जाईल. करवतीला नाही, कारण करवतीचं पातं पातळ हवं, लांब हवं आणि टोकापासून मुठीपर्यंत सारखं हवं. एखादा भाग मऊ निघाला तर तिथले दाते आधी बोथट होणार आणि करवत त्या जागी अडकणार. ही अडचण सुटली ती एका घड्याळजीमुळे.

बेंजामिन हंट्समन हा डॉन्कास्टरचा घड्याळजी. घड्याळाच्या कमानीसाठी त्याला एकजीव पोलाद हवं होतं. 1740 च्या दशकात शेफिल्डजवळ हँड्सवर्थला येऊन त्यानं फोडांच्या पोलादाचे तुकडे बंद मातीच्या मुशीत घालून पूर्ण वितळवले. वितळल्यावर सगळं सारखं होतं, वर तरंगणारी मळी काढून टाकता येते. हे ओतीव पोलाद, म्हणजेच माझ्या करवतीवरचं ‘कास्ट स्टील’. त्या दोन शब्दांचा मी आजवर ‘ओतीव’ एवढाच अर्थ समजत होते. खरं तर तो दर्जाचा शिक्का आहे: हे पातं मुशीत वितळवलेल्या पोलादाचं आहे, नुसतं भाजलेल्याचं नाही.

ही मूस पाहायला ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेटला गेले. शहराच्या दक्षिणेला, शीफ नदीच्या काठी, अठराव्या शतकापासून विळे-कोयते बनवणाऱ्या कारखान्याचं हे आवार आता संग्रहालय आहे. पाणचक्की, घणांचं दालन, धारेचं दालन आणि पूर्ण अवस्थेत टिकलेली मुशीची भट्टी. जमिनीच्या पातळीला चौकोनी भोकं, खाली कोकचा जाळ, भोकात मूस. मुशीची माती माणसं अनवाणी पायांनी तुडवत, तासन्‌तास. अनवाणी का, तर मातीत एखादा खडा राहिला तर तळव्याला कळतो. तो खडा भट्टीत फुटला तर सगळा माल राखेत. सुमारे पंचवीस किलो पोलादाची भरलेली मूस तीन-चार तासांनी लांब चिमट्यानं वर ओढायची. ओढणाऱ्याच्या पायांना आणि हातांना ओलं गोणपाट बांधलेलं असे. मग लाल-पांढरी धार साच्यात ओतायची. एक मूस दोन-तीनदाच वापरता येई. भट्टीजवळच्या फडताळांत अजून मुशी ओळीनं मांडल्या आहेत, आपल्याकडे कुंभाराच्या घरी मडकी असतात तशा.

त्या मुशींसमोर मी बराच वेळ उभी राहिले, कारण बंद मुशीत पोलाद करण्याची विद्या दख्खनला हंट्समनच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होती. म्हैसूर, सेलम इथे लोखंडाचे तुकडे मातीच्या छोट्या मुशीत घालत, त्यात तरवडाचं लाकूड आणि वर रुईची पानं. मुशीचं तोंड लिंपून भट्टीत ठेवायचं. लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात उतरायचा. तरवड म्हणजे आपल्या माळरानावर पिवळी फुलं लेवून उभी असते तीच. कन्नडमधल्या ‘उक्कू’वरून इंग्रजांनी या पोलादाला ‘वूट्झ’ म्हटलं. 1790 च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि 1795 साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरेडे आणि हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी वूट्झचं कोडं उलगडण्यासाठी पोलादाचे प्रयोग केले, तेव्हा त्यांच्या मिश्रणांच्या मोठ्या घाणी शेफिल्डमध्येच सँडर्सन यांच्या कारखान्यात निघाल्या. मुंबईतून निघालेल्या त्या नमुन्यांचं कोडं या गावाच्या भट्टीपर्यंत पोचलं होतं. त्याच मुंबईतून काकांच्या आजोबांनी इथली करवत आणली.

पोलाद झालं. करवत अजून झाली नव्हती.

त्यासाठी केलहॅम आयलंड. डॉन नदीतून चक्कीसाठी पाट काढला, तेव्हा मध्ये जो तुकडा उरला ते हे बेट. तिथल्या संग्रहालयात शिरताच 1905 सालचं ‘रिव्हर डॉन’ वाफेचं इंजिन आहे, बारा हजार अश्वशक्तीचं. ते चालू करतात तेव्हा जमीन थरथरते. मी ते पाहिलं आणि पुढे गेले, कारण मला हॉली दालन गाठायचं होतं.

केन हॉली हे शेफिल्डमधले हत्यारांचे दुकानदार. जन्म 1927 चा, मृत्यू 2014 चा. 1950 च्या दशकापासून एकेक कारखाना बंद पडत गेला, तसतशी ते तिथली हत्यारं उचलत गेले. त्यांनी तयार मालाबरोबर अर्धवट घडलेले तुकडे, हत्यारं बनवायची हत्यारं, मालाच्या याद्या, नमुने हेही जपलं. मला हे फार मोलाचं वाटतं. तयार करवत कुठल्याही संग्रहालयात भिंतीवर टांगलेली सापडते. पण ती कशी झाली हे सांगायला अर्धवट पातंच लागतं. इथे ओळीनं मांडलेली पाती पाहिली की तोंडानं सांगायची गरज उरत नाही. कोरा पत्रा, मग दाते पाडलेला पत्रा, मग कडक केलेला, ठोकलेला, घासलेला, शेवटी मूठ बसवलेली करवत. मुठींची तर वेगळीच गंमत. बीचच्या लाकडाच्या, मधाच्या रंगाच्या, वरखाली शिंगांसारखी टोकं काढलेल्या. मूठ करणारे कारागीर वेगळे, पातं करणारे वेगळे. मुठीच्या पितळी फुलीवर राजचिन्ह आणि ‘वॉरंटेड’ हा शब्द असे. आमच्या करवतीवरची ती फुली लहानपणी मला नाणं वाटायची.

पातं बनवण्यातलं खरं कसब मला त्या दालनात पहिल्यांदा कळलं. दाते पाडलेला पत्रा तापवून तेलात बुडवला की काचेसारखा ठिसूळ होतो. मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, निळसर रंग येईपर्यंत. आता तो कमानीसारखा लवचीक झाला. पण एवढ्या उलथापालथीत पत्रा वाकडा होतोच. तिथे येतो ठोकणारा. त्याच्या हातोड्याचं तोंड दांड्याच्या एकाच बाजूला पुढे आलेलं असतं, म्हणून त्याला कुत्र्याच्या डोक्याचा हातोडा म्हणतात. पातं ऐरणीवर घेऊन, वाकवून, उजेडात त्यावरची सावली वाचून तो ठोकतो. ठोकलं तिथे धातू पसरतो. नुसतं सपाट करून भागत नाही. पात्याचा मध्य थोडा जास्त पसरवायचा, म्हणजे दात्यांची कड ताणलेली राहते. पोळी मध्ये जास्त लाटली की कडा ओढल्या जातात, तसंच काहीसं. हा ताण नसेल तर इंग्रजी करवत चालणारच नाही, कारण ती ढकलताना कापते. जपानी करवत ओढताना कापते. ओढलेला पत्रा आपोआप ताठ राहतो, म्हणून ती कागदासारखी पातळ असू शकते. ढकललेला पत्रा मात्र लाकडात अडकताच दुमडू पाहतो. त्याला उभं ठेवतो तो हातोड्यानं भरलेला ताण. चांगली करवत टोक मुठीला भिडेपर्यंत वाकवली आणि सोडली, तरी सरळ होते.

ठोकल्यावर घासणं. दात्यांच्या कडेची जाडी तशीच ठेवून पाठीकडे आणि टोकाकडे पातं पातळ करत न्यायचं, म्हणजे चिरेत ते घट्ट बसत नाही. पोर्टर ओढ्यावरच्या शेफर्ड व्हीलमध्ये चाकूंना धार लावायची जुनी दगडी चाकं पाहता येतात. धार लावणारे तिथे घोड्यावर बसल्यासारखे लाकडी बैठकीवर बसत. करवतींचं घासणं मात्र मोठ्या चाकांवर, उभ्यानं, पात्यामागे फळी लावून साऱ्या अंगाच्या रेट्यानं चाले. चाक ओलं असे म्हणून धूळ कमी. कोरड्या चाकावर जेवणाचे काटे घासणाऱ्यांची फुप्फुसं वयाच्या तिशीतच निकामी होत; डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी 1843 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. पण करवतवाल्यांनाही अभय नव्हतं. फिरता दगड मध्येच फुटायचा आणि माणसासकट छत घेऊन जायचा.

हीच माणसं इंग्लंडच्या कामगार चळवळीच्या एका काळ्या पानाचीही मालक आहेत. करवत घासणाऱ्यांच्या संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड. संघटनेची वर्गणी चुकवणाऱ्याच्या चाकाचा चामडी पट्टा रातोरात नाहीसा व्हायचा. पट्टा नाही तर काम नाही. कधी प्रकरण त्याहून पुढे जायचं. नियमापेक्षा जास्त शिकाऊ उमेदवार ठेवणाऱ्या जेम्स लिनली या घासणाऱ्यावर 1859 मध्ये गोळी झाडली गेली आणि काही महिन्यांनी तो मेला. 1866 च्या ऑक्टोबरात एका घासणाऱ्याच्या घरात बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. सरकारनं 1867 साली चौकशी नेमली, खरं सांगणाऱ्यांना अभय दिलं, आणि ब्रॉडहेडनं लिनलीवर गोळी घालायला आपणच पैसे दिल्याचं कबूल केलं. मी या कृत्याचं समर्थन करत नाही. पण दगडासमोर उभं राहून जगणाऱ्या माणसांची पोटाची भीती केवढी असेल, हे शेफर्ड व्हीलच्या अंधाऱ्या खोलीत उभं राहिल्यावर थोडं कळतं. त्या चौकशीनंतर पुढे 1871 चा कामगार संघटनांचा कायदा आला, आणि संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली.

आता इथे हातानं करवती करणारे फार थोडे उरलेत. थॉमस फ्लिनसारखी एखादी कंपनी अजून टिकून आहे. मला मात्र करवत विकत घ्यायची नव्हती, तर सरळ करून हवी होती. भाचीच्या प्राध्यापकांनी एका म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता दिला. शेफिल्डला अशा एकट्या, भाड्याच्या खोलीत काम करणाऱ्यांना ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. ‘मास्टर’चा हा इथला उच्चार. लाल विटांचं जुनं आवार, लोखंडी जिना, वर एक खिडकी. खिडकीला टेकून बाक, कारण उजेड हा या धंद्यातला पहिला नोकर.

मी गोणपाट सोडलं. “दॅट्स एक्स्पायर्ड, लव्ह” असं काही तरी ऐकायला मिळेल अशी तयारी ठेवली होती. त्यांनी काही न बोलता पातं हातात घेतलं, डोळ्यासमोर धरून दात्यांच्या ओळीवरून नजर टाकली, नखानं टिचकी मारली आणि कानाशी नेलं. नाद आला, पण मध्येच बसल्यासारखा. मग मला विचारलं, “कुणी लावली धार हिला?” मी काकांबद्दल सांगितलं. “मग त्याला कळतं,” ते म्हणाले. दात्यांची ओळ मध्यात किंचित बाहेर आलेली आहे, सरळ नाही, आणि ती तशीच असायला हवी. हाताची चाल सरळ नसते, ती थोडी कमानदार असते. इतक्या वर्षांच्या कानशीखाली ती कमान टिकली आहे, हे त्यांनी मला बोट फिरवून दाखवलं. चिपळूणच्या पुढे कधी न गेलेल्या माणसाचं कौतुक मी शेफिल्डमध्ये ऐकत होते.

आधी बाक काढला. खोलगट बाजू वर करून ऐरणीवर ठेवलं आणि हातोड्याचे हलके घाव. एक घाव, मग उजेडाकडे बघणं. पुन्हा एक. वीस मिनिटं असं चाललं. मध्ये त्यांनी टिचकी मारली, तेव्हा नाद लांबपर्यंत गेला.

मग दाते. करवत शेगड्यात, दोन लाकडी फळ्यांमध्ये, दाते फळीच्या जेमतेम वर येतील अशी धरली. उंच धरली तर पातं थरथरतं, कानस किंचाळते आणि दात नीट कापला जात नाही. पहिल्यांदा सपाट कानस सगळ्या दात्यांच्या माथ्यावरून फिरवली. उंच दात्यांचे माथे चमकू लागले, बुटके तसेच राहिले. कोणी किती चुकलंय हे लगेच उघडं झालं. मग तिकोनी कानस घेऊन ते सगळे एका उंचीला आणायचे. इंचात आठ दाते, पातं सव्वीस इंची, म्हणजे दोनशेहून जास्त दाते. प्रत्येकाला कानशीच्या दोन-तीन ओढी, फक्त पुढे जाताना. मागे येताना कानस उचलायची.

त्यानंतर फाकवणं. एक दात डावीकडे, दुसरा उजवीकडे, फक्त वरचा अर्धा भाग वाकवायचा; मुळापासून वाकवला तर तुटतो. दाते फाकलेले असतात म्हणूनच चीर पात्यापेक्षा किंचित रुंद पडते आणि पातं मोकळं सरकतं. ओल्या लाकडाला जास्त फाक लागते, मुरलेल्याला कमी. त्यांच्या हातात बारकी ऐरण आणि एक हातोडी होती. एका दात्यावर एकच घाव. मी मोजत होते, आणि घावाचा आवाज एकदाही कमी-जास्त झाला नाही.

मग त्यांनी मेणबत्ती पेटवली. दात्यांची ओळ ज्योतीवरून सावकाश नेली, आणि सगळे दाते काजळले. मला ते दृश्य विसरता येत नाही. काळ्या दातांच्या त्या ओळीवर कानस लागली की जिथे पोलाद उघडं पडेल तिथेच पांढरी रेघ येते; कुठे लागलं, कुठे राहिलं, म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसतं. नागपूरकडच्या करवतकाठी साडीचा त्रिकोणांचा काठ असतो, अगदी तसा. माझ्या मावशीकडे तसं लुगडं होतं, आणि तिला त्याचं नाव असं का, हे कोणी सांगितलं नव्हतं.

आडवं कापणाऱ्या करवतीचे दाते कानस तिरकी धरून घासतात. एका बाजूनं एक सोडून एक, मग करवत उलटी करून राहिलेले. दात्याच्या दोन्ही कडा सुरीसारख्या होतात आणि लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंनी कापत जातात. उभं चिरायच्या करवतीचे दाते मात्र सरळ घासायचे, पटाशीसारखे. ते तंतू उचलून काढतात. उसाचं कांडं तोडायचं आणि उसाची साल सोलायची, एवढाच फरक. काकांकडे या दोघी वेगळ्या होत्या. पण त्यामागे हे गणित आहे, हे मला इथे कळलं.

काम संपल्यावर त्यांनी खिशातून शिवणाची सुई काढली. दोन्ही बाजूंना फाकलेल्या दात्यांमध्ये मुठीपासून टोकापर्यंत एक अरुंद पन्हळ तयार होते. करवत तिरकी धरून त्यांनी सुई त्या पन्हळीत ठेवली. ती घसरत निघाली आणि टोकाजवळ अडकली. तिथला एक दात किंचित आत होता. एक घाव. पुन्हा सुई. या वेळी ती थेट टोकावरून बाहेर पडून बाकावर टणकन वाजली. ते म्हणाले, “आता ती तुझ्या काकांची आहे.” पैसे घ्यायला तयार होईनात, शेवटी भाचीनं आणलेले दोन आंबे घेतले.

परतताना एका मोठ्या दुकानात त्याच पिवळ्या मुठीच्या करवती दिसल्या, ढिगानं, काकांच्या मुलानं आणली तशाच. त्यांच्या दात्यांची टोकं विजेनं तापवून इतकी कडक केलेली असतात की कानस त्यांच्यावर घसरते. जुन्या पात्याचं पोलाद कानशीपेक्षा मऊ असतं म्हणूनच त्याला पुन्हा पुन्हा धार देता येते. या नव्या करवती चांगल्या कापतात आणि बोथट झाल्या की फेकून द्यायच्या. कोकणात, शेफिल्डमध्ये, सगळीकडे आता याच आहेत. धार लावणाऱ्यांचा धंदा बुडाला तो यामुळे. मला या करवतींचा राग नाही. पण त्यांच्यावर कुणाच्या तीन पिढ्या बसणार नाहीत, याचं वाईट वाटतं.

गावी पोचले तेव्हा काका अंगणात फणसाची फळी रचून बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी करवत दिली, मेणबत्ती, सुई, सगळं सांगितलं. त्यांनी पातं सूर्याकडे धरलं, ओळीवरून नजर फिरवली, मग काही न बोलता फळीवर गुडघा टेकून करवत चालवली. पिवळा भुसा पायांवर पडला. फळीचा तुकडा पडला तेव्हा त्यांनी कापाची कड अंगठ्यानं चाचपली.

“चांगली लावलीय म्हाताऱ्यानं,” ते म्हणाले. “पण टोकाकडं दोन दात जरा उंच हायत.” आणि काकूला हाक मारून त्यांनी तिकोनी कानस मागितली.